मतपत्रिकेची खालची बाजू कोरी सोडू नका : नॉर्थ कॅरोलिनातील मराठी मतदारांना आणि मंडळांना खुले पत्र

नॉर्थ कॅरोलिनातील मराठी मंडळांच्या कार्यकारिणींचे सदस्य आणि या राज्यात मतदानाचा हक्क असलेले सर्व मराठी बंधुभगिनी यांस,

सप्रेम नमस्कार.

येत्या गणेशोत्सवात सभागृहाबाहेरच्या मोकळ्या जागेत मतदार नोंदणीचे आणि मतदानाच्या माहितीचे एक टेबल मांडू द्यावे, अशी लेखी विनंती मी आमच्या भागातील एका मंडळाकडे केली होती. चार दिवसांनी उत्तर आले की मंडळाचे व्यासपीठ राजकारणासाठी नाही, शिवाय अशा टेबलामुळे मंडळाची करसवलत धोक्यात येऊ शकते. त्या मंडळाचे नाव मी येथे घेत नाही, कारण असेच उत्तर मला यापूर्वी दुसऱ्या एका ठिकाणीही मिळाले आहे आणि हा प्रश्न एका कार्यकारिणीचा राहिलेला नाही. हे उत्तर मुकाट्याने स्वीकारणे मला शक्य नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

मी गेली बावीस वर्षे वेक काउंटीत केरी येथे राहते. २०१४ साली मी या देशाची नागरिक झाले आणि २०१८ पासून मतदान केंद्रावर कर्मचारी म्हणून काम करते. पहाटे साडेपाचला केंद्र गाठायचे, साडेसहाला दार उघडायचे, यादीत नाव शोधून मतदाराच्या हाती कागदी मतपत्रिका द्यायची आणि संध्याकाळी साडेसातला दार बंद झाल्यावर मतपत्रिकांचा हिशेब जुळवायचा, हे काम मी मनापासून करते. नोव्हेंबर २०२२ च्या निवडणुकीत दुपारच्या सुट्टीत मी बाहेर गाड्यांपाशी डबा खात उभी होते, तेव्हा आमच्या ओळखीचे एक गृहस्थ मतदान करून बाहेर आले. आत गेल्यापासून त्यांना पाच मिनिटेही लागली नव्हती. ते म्हणाले, “वहिनी, सेनेटचं आणि काँग्रेसचं केलं. खाली ते न्यायाधीश वगैरे होते, त्यातलं आपल्याला कोणीच माहीत नाही. उगाच चुकीचा गोल कशाला रंगवायचा, म्हणून सोडून दिलं.” ते प्रामाणिकपणे बोलत होते. हे गृहस्थ नोकरीत, मुलांच्या शाळेत आणि मंडळाच्या नाटकात कधीही कुचराई न करणारे आहेत.

त्यांनी जे गोल कोरे सोडले त्यांत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन जागा होत्या. या दोन जागांमुळे पुढे काय झाले, ते आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगते.

नॉर्थ कॅरोलिनात काँग्रेसचे, म्हणजे देशाच्या संसदेचे, आणि राज्य विधिमंडळाचे मतदारसंघ विधिमंडळच आखते. गव्हर्नरला इतर बहुतेक विधेयकांवर नकाराधिकार आहे, परंतु मतदारसंघांच्या नकाशांवर तो नाही. राज्यघटनेनेच तसे ठरवले आहे. त्यामुळे विधिमंडळाने केलेल्या नकाशाला राज्याच्या पातळीवर अडवू शकेल असे एकच ठिकाण उरते, ते म्हणजे न्यायालय. केंद्रीय न्यायालयांनी या प्रश्नातून अंग काढून घेतलेले आहे : २७ जून २०१९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी निर्णय दिला की पक्षीय फायद्यासाठी आखलेल्या नकाशांची तक्रार केंद्रीय न्यायालयांत चालणार नाही. तो खटला याच राज्याच्या नकाशावरचा होता. २०१६ मध्ये तो नकाशा आखताना पुनर्रचनेची जबाबदारी असलेल्या आमदारांनी समितीपुढे उघडपणे सांगितले होते की दहा रिपब्लिकन आणि तीन डेमोक्रॅट निवडून येतील असा नकाशा करायचा आहे, कारण अकरा-दोनचा नकाशा करता येईल असे आपल्याला वाटत नाही. ग्रीन्सबरो येथील नॉर्थ कॅरोलिना ए अँड टी हे ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठ त्या नकाशात मधोमध कापले गेले. आवारातून जाणाऱ्या एका रस्त्याच्या अलीकडचे विद्यार्थी एका मतदारसंघात आणि पलीकडचे दुसऱ्यात गेले. वर्ग तेच, ग्रंथालय तेच, पण मागणे मांडायला प्रतिनिधी निराळे, आणि दोन्हीकडे त्यांच्या मतांचे वजन कमी झालेले.

आता २०२२ कडे या. २०२० च्या जनगणनेनंतर राज्याला काँग्रेसची चौदावी जागा मिळाली आणि विधिमंडळाने नवे नकाशे केले. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते चार विरुद्ध तीन मतांनी रद्द ठरवले. त्यानंतर न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या मदतीने काँग्रेससाठी तात्पुरता नकाशा झाला आणि त्यावर नोव्हेंबरात निवडणूक होऊन सात-सात अशी समसमान विभागणी झाली. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेच्या खालच्या बाजूला, न्यायालयाच्या दोन जागा डेमोक्रॅटिक पक्षाकडून रिपब्लिकन पक्षाकडे गेल्या आणि चार डेमोक्रॅट, तीन रिपब्लिकन असलेले न्यायालय दोन-पाच झाले. नव्या न्यायालयाने त्याच खटल्याची फेरसुनावणी घेतली आणि २८ एप्रिल २०२३ रोजी आधीचा निर्णय फिरवून सांगितले की नकाशातील पक्षीय पक्षपाताचा निवाडा करणे न्यायालयाचे कामच नाही. पक्षकार आणि राज्यघटना यांत काहीही बदललेले नव्हते. मधल्या काळात बदलली होती ती फक्त न्यायाधीशांची नावे, आणि ती मतदारांनी बदलली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये विधिमंडळाने नवा नकाशा मंजूर केला आणि २०२४ मध्ये सात-सातचे दहा रिपब्लिकन आणि चार डेमोक्रॅट झाले. त्याच दिवशी याच राज्याने राष्ट्राध्यक्षपदासाठी रिपब्लिकन उमेदवाराला सुमारे ५१ टक्के मते दिली आणि गव्हर्नर मात्र डेमोक्रॅट निवडला. एवढ्या अटीतटीच्या राज्यात दहा-चार हे प्रमाण कसे आले, याचे उत्तर नकाशात आहे.

हे मी एका पक्षाविरुद्ध लिहीत नाही. २०१० च्या निवडणुकीत शतकाहून अधिक काळानंतर प्रथमच दोन्ही सभागृहे रिपब्लिकन पक्षाकडे गेली. तोवर नकाशे डेमोक्रॅट आखत होते आणि तेही आपल्या सोयीचेच आखत होते. १९९२ मधला बारावा मतदारसंघ आंतरराज्य महामार्ग ८५ ला चिकटून सुमारे १६० मैल लांब आणि काही ठिकाणी रस्त्याएवढाच रुंद होता. त्यावरचा खटलाही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. विस्कॉन्सिनमध्ये उलट दिशेने तेच घडले : एप्रिल २०२३ मध्ये राज्य सर्वोच्च न्यायालयाची एक जागा फिरली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात विधिमंडळाचे नकाशे रद्द झाले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नवे आले. अल्पमतात असताना दोन्ही पक्षांच्या आमदारांनी आपल्या राज्यात मतदारसंघ आखण्यासाठी स्वतंत्र आयोगाची विधेयके मांडलेली आहेत, बहुमत हाती आल्यावर ती कोणी मंजूर केली नाहीत. मिशिगनच्या नागरिकांनी २०१८ साली सह्या गोळा करून थेट सार्वमताने स्वतंत्र आयोग आणला. आपल्या राज्यात नागरिकांना असा प्रस्ताव मतपत्रिकेवर आणण्याची सोयच नाही. घटनादुरुस्ती लोकांपुढे ठेवायची की नाही, तेही विधिमंडळच ठरवते.

माझे माहेर कराडचे. कराड लोकसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत नाहीसा झाला आणि २००९ पासून माझे भाऊ साताऱ्याच्या खासदारासाठी मतदान करू लागले. वडिलांना त्याचे फार वाईट वाटले होते. कराडचे नाव गेले, हे त्यांनी मला दूरध्वनीवर दोनदा सांगितले. पण ती पुनर्रचना सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने केली होती, खासदार-आमदार त्या आयोगाचे मताधिकार नसलेले सहयोगी सदस्य होते, आणि अमुक पक्षाने आपली जागा वाचवण्यासाठी कराड पुसले असे वडिलांना म्हणावे लागले नाही. महाराष्ट्रात सगळेच असे होते असा माझा दावा नाही. मुंबई महापालिकेच्या २२७ प्रभागांचे २३६ आणि पुन्हा २२७ कसे झाले, हे राज्यातील सत्ताबदलाच्या तारखा पाहिल्या की कळते. तिथल्या प्रभाग रचनेवर आपण इथे बसून तावातावाने बोलतो. ज्या राज्यात आपण कर भरतो, घरे घेतो आणि मुले वाढवतो, तिथल्या नकाशाबद्दल मात्र आपल्या तोंडून शब्द निघत नाही, हे मला खटकते.

आता माझ्या तक्रारी. त्या आपल्याच माणसांविषयी आहेत, त्यामुळे लिहिताना त्रास होतो, तरीही लिहिते.

पहिली तक्रार मंडळांच्या ‘राजकारण नको’ या उत्तराविषयी आहे. करसवलत असलेल्या संस्थेने कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करू नये, असा कायदा आहे आणि तो योग्यच आहे. परंतु पक्षनिरपेक्ष मतदार नोंदणी करणे, मतदानाच्या तारखा आणि पद्धत सांगणे, सर्व उमेदवारांना समान संधी देऊन बोलावणे, हे तोच कायदा करू देतो. कायद्याचे कारण देण्याआधी कार्यकारिणीतील कोणीतरी मंडळाचे कर-विवरण भरणाऱ्या हिशेबनिसाला एक फोन करायला हवा होता. मी माझ्या विनंतीसोबत टेबलावर ठेवायचा प्रत्येक कागद जोडला होता आणि त्यात एकाही उमेदवाराचे नाव नव्हते.

दुसरी तक्रार अशी की आपण निवडणूक म्हणजे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक असे धरून चालतो. चार वर्षांतून एकदा रांगा लावतो आणि मधल्या वर्षी घरी बसतो. राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांची मुदत फक्त दोन वर्षांची आहे, त्यामुळे १२० प्रतिनिधी आणि ५० सेनेटर दर सम वर्षी मतदारांपुढे उभे असतात. गेल्या जनगणनेच्या हिशेबाने एका प्रतिनिधीमागे साधारण ८७ हजार लोकसंख्या येते. केरी, मॉरिसव्हिल आणि एपेक्स या पट्ट्यात आपली भारतीय वस्ती केवढी आहे ते मी सांगायला नको. तरीही आपल्या दिवाळी कार्यक्रमात काँग्रेसचे उमेदवार छायाचित्रांसाठी येतात, आणि नकाशा ज्यांच्या हातात असतो त्या आमदारांना आपण कधी बोलावल्याचे मला आठवत नाही.

तिसरी तक्रार मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘वेक काउंटीत निकाल ठरलेलाच असतो, आमच्या एका मताने काय होणार?’ हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकले आहे की ते आता सुविचारासारखे म्हटले जाते. आपल्या मतदारसंघापुरते ते काही वेळा खरेही असते, कारण मतदारसंघ तसाच आखलेला असतो. परंतु राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची निवडणूक संपूर्ण राज्यात एकत्र होते. तिथे कोणाला रेघ ओढता येत नाही, मोहल्ला कापता येत नाही, केरीतले मत आणि डोंगराळ भागातल्या खेड्यातले मत तंतोतंत सारखे मोजले जाते. नकाशांचे भवितव्य ठरवणारी ही निवडणूक कोणत्याही नकाशाला बिघडवता येत नाही, आणि नेमकी तीच आपण कोरी सोडतो. २०२० मध्ये सरन्यायाधीशपदाचा निकाल ४०१ मतांनी लागला. राष्ट्राध्यक्षपदासाठी राज्यात सुमारे ५५ लाख मते पडली होती, सरन्यायाधीशपदासाठी सुमारे ५४ लाख. म्हणजे मतदान केंद्रापर्यंत आलेल्या लाखाहून अधिक लोकांनी हा गोल रिकामा ठेवला होता. ती एक जागा फिरली असती तर २०२३ चा निकाल नक्की फिरला असता असे मी म्हणणार नाही, आणि २०२२ च्या लढतीही इतक्या चुरशीच्या नव्हत्या. पण २०२४ मध्ये पुन्हा एका जागेचा फैसला ७३४ मतांनी झाला आणि हरलेल्या उमेदवाराने ६५ हजारांच्या आसपास मतपत्रिकांवर आक्षेप घेतल्यामुळे तो वाद मे २०२५ पर्यंत चालला. आपल्या एका मोठ्या मंडळाच्या गणपतीला एका संध्याकाळी ७३४ ताटे सहज होतात.

२०१४ पासून या राज्यात एका खुणेने संपूर्ण पक्षाला मत देण्याची सोय राहिलेली नाही, प्रत्येक पदासाठी वेगळा गोल भरावा लागतो, हे बऱ्याच जणांना अजून ठाऊक नाही. वरचा एक गोल भरला की खालचे आपोआप त्या पक्षाला जातात, अशी समजूत करून घेतलेले लोक मला दर निवडणुकीत भेटतात.

आणखी एक गोष्ट. मतदारसंघ आखताना फक्त नागरिकांची नव्हे, तर जनगणनेत नोंद झालेल्या प्रत्येक माणसाची गणना होते. एच-वन-बी व्हिसावर आलेले आपले तरुण, हिरव्या कार्डाच्या रांगेत बारा-पंधरा वर्षे काढणारी जोडपी, नातवंडांना सांभाळायला येऊन इथेच स्थायिक झालेले आजी-आजोबा, हे सगळे नकाशात मोजलेले आहेत, परंतु त्यांना मत देता येत नाही. त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क आपल्याकडे आहे. तो आपण वापरत नाही तेव्हा आपल्यासोबत त्यांचाही आवाज जातो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये काय झाले तेही आठवा. राज्य विधिमंडळाचे स्वतःचे नकाशे दशकात पुन्हा बदलू नयेत असे आपली राज्यघटना सांगते. काँग्रेसच्या नकाशावर तसे बंधन नाही. त्या फटीतून, जनगणना नसताना, आठवड्याभरात काँग्रेसचा नवा नकाशा मांडून मंजूर करण्यात आला. ईशान्येकडील पहिला मतदारसंघ, ज्याने १९९२ पासून सातत्याने कृष्णवर्णीय प्रतिनिधी निवडला, तो शेजारच्या तिसऱ्याशी काउंट्यांची अदलाबदल करून बदलला गेला. दहा-चारचे अकरा-तीन करणे हा हेतू लपवलेला नव्हता. २०१६ मध्ये जे आकडे अशक्य म्हटले गेले होते, त्यांच्या दिशेने नऊ वर्षांत आपले राज्य आले. त्या आठवड्यात आमच्या गटांमध्ये फराळाच्या ऑर्डरींखेरीज एक ओळही या विषयावर आली नाही. माझीही नाही, मी तेव्हा गप्प बसले, याची खंत मला आहे.

येत्या ३ नोव्हेंबर २०२६ रोजी संपूर्ण विधिमंडळासोबत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची एक जागा मतपत्रिकेवर आहे. तिथे निवडून येणाऱ्या न्यायाधीशाची मुदत आठ वर्षांची असेल, म्हणजे २०३० च्या जनगणनेनंतर २०३१ मध्ये जे नकाशे होतील, त्यांच्यावरचे खटले आले तर ऐकायला ती व्यक्ती बाकावर बसलेली असेल. २०२८ मध्ये आणखी तीन जागा येतील. २०३० मध्ये निवडून येणारे विधिमंडळ नकाशे आखील. म्हणजे पुढच्या दशकाचा नकाशा या तीन निवडणुकांत ठरणार आहे आणि त्यातली पहिली आता काही महिन्यांवर आली आहे.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

मंडळांनी आपल्या प्रत्येक मोठ्या कार्यक्रमात ऑक्टोबर अखेरपर्यंत पक्षनिरपेक्ष मतदार माहितीचे टेबल लावू द्यावे. त्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न ‘आपण नागरिक आहात का?’ हाच विचारला जाईल आणि जो नागरिक नाही त्याच्या हाती अर्ज दिला जाणार नाही, ही जबाबदारी मी स्वतः घेते, कारण नागरिक नसताना चुकून केलेली नोंदणी त्या कुटुंबाला फार महागात पडू शकते. सोळा-सतरा वर्षांच्या नागरिक मुलांना पूर्वनोंदणी करता येते, ती माहितीही तिथे मिळावी.

सप्टेंबरात एक संध्याकाळ नमुना मतपत्रिका समोर ठेवून बसण्यासाठी द्यावी. आपल्या पत्त्याची नमुना मतपत्रिका राज्य निवडणूक मंडळाच्या संकेतस्थळावर मिळते. कोणते पद काय काम करते, त्याची मुदत किती आणि नकाशाशी त्याचा संबंध काय, एवढेच मराठीतून सांगितले जाईल. मत कोणाला द्यावे, हे कोणी सांगणार नाही.

आपापल्या भागातील विधिमंडळाच्या सर्व पक्षांच्या उमेदवारांना एकत्र बोलावून एकच प्रश्न विचारावा : आपला पक्ष बहुमतात असतानाही मतदारसंघ आखण्याचे काम स्वतंत्र आयोगाकडे देणाऱ्या घटनादुरुस्तीला आपण मत द्याल का? मिळालेली उत्तरे मंडळाच्या वार्तापत्रात जशीच्या तशी छापावीत, आणि जे येणार नाहीत त्यांच्या नावापुढे उत्तर आले नाही असे लिहावे.

मतदारांकडे माझे मागणे याहून लहान आहे. घर बदलले असेल तर नोंदणीतला पत्ता तपासा. मतदानाच्या २५ दिवस आधीपर्यंत नियमित नोंदणी होते आणि ती चुकली तर आगाऊ मतदानाच्या काळात केंद्रावर करता येते. कोणत्याही पक्षात नाव घालायचे नसेल तर घालू नका. या राज्यात अपक्ष नोंदणी असलेल्यांचा गट सर्वांत मोठा आहे. छायाचित्र असलेले ओळखपत्र सोबत ठेवा. मतपत्रिका हातात आल्यावर ती उलटून पाहा, न्यायालयाच्या जागा शोधा आणि ज्याला द्यायचे त्याला, पण मत द्या.

मंडळांच्या कार्यकारिणींनी १५ ऑगस्टपर्यंत लेखी उत्तर द्यावे, अशी विनंती आहे. उत्तर नकाराचे असेल तर कायद्यातील कोणत्या तरतुदीमुळे नकार आहे, ते त्यात नमूद करावे, म्हणजे मला त्याची शहानिशा करता येईल. टेबल, खुर्च्या, अर्ज आणि दिवसभर बसणारे सहा स्वयंसेवक तयार आहेत. मंडळाला फक्त दाराजवळची सहा फुटांची जागा द्यायची आहे.

आपली,
केरी, वेक काउंटी येथील एक मराठी मतदार